चॅनल बावन्न

खैतानच्या चौथ्या मजल्यावर सहा जणांत एक राउटर,
तोही शुक्रवारच्या बाजारातला,
दोन अँटेना शाबूत, तिसरा चिकटपट्टीवर.
त्यावर मी कच्चं फर्मवेअर चढवलं, चाचणीचं,
शून्य पूर्णांक नऊ.
कंपनीनं बजावलं होतं : घरच्या मुख्य जोडणीवर वापरू नका.
घर आमच्याकडे नव्हतं,
आणि मुख्य म्हणावं असं हे एवढंच होतं.

पहिल्या रात्री वेग पाहून रेजीनं शिट्टी मारली.
मुबीननं महाडला फोन लावला,
म्हणाला, अम्मी, तुझ्या नाकातली चमकी दिसतेय.
दुसऱ्या रात्री नऊ चाळीसला सगळं पडलं.
सगळे माझ्याकडे बघू लागले,
आमटीत केस निघाला की
स्वयंपाक्याकडे बघतात तसे.

मग झडती.
मायक्रोवेव्ह बंद ठेवला.
एकोणीस लिटरची पाण्याची बाटली समोरून हलवली.
धनबहादूरला म्हटलं, तू खालच्या पलंगावर झोपून बघ,
माणूसही पाण्याचाच, लहरी अडवतो.
बिचारा दोन रात्री अंग चोरून झोपला.
मधेच तोझ आला, खिडक्या पिवळ्या झाल्या,
रेजी म्हणाला, वायफायमध्ये धूळ गेली असेल.
मी हसलो,
आणि तरी राउटर फडक्यानं पुसला.

शेवटी लॉग उघडला.
पहाटे तीनला, न्हाणीघराबाहेरच्या दिव्याखाली.
२१:४०. रडार आढळले. चॅनल बावन्न सोडत आहे.
२१:४०. रडार आढळले.
२१:४०.

तर असं असतं :
हवेतल्या काही जागा आपल्या नसतात.
बसू देतात, पण आधी मिनिटभर गप्प राहून ऐकायचं,
कुणी मोठं बोलत नाही ना तिथे,
विमानतळ, हवामान खातं, फौज.
बोलत असेल तर चंबूगबाळं आवरायचं
आणि अर्धा तास त्या दाराशी फिरकायचं नाही.
नियम आहे.
खोलीत कुणालाच तो दोनदा समजवावा लागला नाही.

विमानतळ तर पलीकडेच. वाटलं, सापडलं.
तीन रात्री गच्चीवर बसून वही भरली,
विमानं, वेळा, वारा.
काही जुळेना.
जुळलं ते एवढंच :
नऊ चाळीसला कारखान्याची बस येते,
शफीकुल जिना चढतो,
बूट काढायच्या आधी सिल्हेटला फोन लावतो.
त्याच्या जुन्या फोनची पहिली हाक
इतकी घाईची, इतकी तुटक
की नव्या फर्मवेअरला ती रडार वाटते.

राग यायला हवा होता.
पण जलीबच्या चौकात निळा दिवा दिसला
की मीही खिसा चाचपतो.
बताका आहे. मुदत मार्चपर्यंत आहे.
तरी गल्ली बदलतो.

कंपनीच्या अहवालात रकाने होते.
काय अपेक्षित होतं, काय घडलं,
पुन्हा घडवून दाखवता येईल का.
लिहिलं : हो. रोज.
उत्तर आलं : तो फोन तूर्त जोडणीतून काढून पाहावा.

शफीकुलला हे सांगितलं नाही.
सगळं छत्तीसवर आणून ठेवलं आहे,
जिथे इमारतीतले तेवीस राउटर
मांडीला मांडी लावून बसतात.
वेग निम्मा. चमकी दिसत नाही,
मुबीन कुरकुरतो, डोळे बारीक करून
ठिपक्यांत आई शोधतो.

नऊ चाळीसला जिन्यात बूट वाजतात.
मी उगीचच हिरव्या दिव्याकडे बघतो.
एकदा लुकलुकतो.
राहतो.